वाळूची ऊब आणि एक सूक्ष्म कात्री

‘मुलगा की मुलगी?’ हा प्रश्न माणसाइतकाच जुना असावा. त्याचं उत्तर शोधायला माणसाला किती वाटा तुडवाव्या लागल्या, ते आज लिहावंसं वाटतं.

आपल्या आयुर्वेदाने सांगितलं, शुक्राचं आधिक्य झालं तर पुत्र, आर्तवाचं झालं तर कन्या. तिकडे ग्रीसमध्ये अॅरिस्टॉटलने पित्याच्या उष्णतेवर सगळं सोपवलं. ऊब भरपूर मिळाली तर मुलगा, कमी पडली तर मुलगी. हे सगळे तर्कच होते. पण घराघरातला निवाडा मात्र ठरलेला असे. लागोपाठ मुली झाल्या की दोष सुनेचा. आमच्या हरिहरेश्वरच्या बाजूलाही नवस, उपास आणि टोमणे तिच्याच वाट्याला येत.

हा निवाडा खोटा ठरवला तो एका बाईने. नेटी स्टीव्हन्स ही अमेरिकन बाई आमच्याच पेशातली. आधी शाळेत शिकवत होती, पस्तिशीत पुन्हा विद्यार्थिनी झाली. १९०५ साली तिने पिठात होणाऱ्या किड्याच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. मादीच्या पेशीत २० मोठी गुणसूत्रं होती. नराच्या पेशीत १९ मोठी आणि एक अगदी छोटं. म्हणजे फरक पडतो तो नराच्या बीजामुळे! मादीकडून प्रत्येक वेळी सारखंच दान पडतं. माणसातही तसंच आहे हे पुढे कळलं. सुनेवरचा आरोप शास्त्रापुरता तरी तिथेच निकालात निघायला हवा होता.

पण निसर्गाने सगळीकडे एकच नियम ठेवलेला नाही. त्याचं उदाहरण आमच्याच किनाऱ्यावर आहे. हरिहरेश्वर, दिवेआगर आणि बाणकोट खाडीपलीकडचं वेळास इथे हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या येतात, वाळूत खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालतात आणि निघून जातात. पूर्वी ही अंडी सर्रास उकरून खाल्ली वा विकली जात. २००२ पासून चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ने वेळासला गावकऱ्यांना हाताशी धरून ती राखायला सुरुवात केली. मग हे काम इतर किनाऱ्यांवरही पसरलं. देवळापुढच्या दगडी कासवाला हात लावून नमस्कार करणारे आम्ही, जिवंत कासवाकडे तेव्हा कुठे नीट पाहू लागलो.

या कासवांत लिंग ठरवणारी वेगळी गुणसूत्रंच नसतात. ते काम वाळूची ऊब करते. अंडी उबण्याच्या मधल्या काळात वाळू साधारण २९-३० अंशांच्या खाली राहिली तर नर जास्त, वर गेली तर माद्या जास्त. अॅरिस्टॉटलच्या अगदी उलट! असा प्रकार सरपटणाऱ्या प्राण्यांत प्रथम दाखवला तोही एका बाईने. मादलेन शार्निए यांनी १९६६ साली सेनेगलमधल्या डाकारला, सरड्यांच्या अंड्यांवर. म्हणून अंडी दुसरीकडे नेऊन पुरताना सावली किती, खोली किती, हे बघावं लागतं. वाळू तापत चालली तर नर येणार कुठून? ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागातल्या अल्पवयीन हिरव्या कासवांत ९९ टक्के माद्या आढळल्याचं २०१८ साली प्रसिद्ध झालं.

आता ती कात्री. पोटातलं पेप्सिन अन्नातली प्रथिनं तोडतं, हे शाळेच्या पुस्तकात होतं. अशा प्रथिनं कापणाऱ्या विकरांना प्रोटिएज म्हणतात. पण ती नुसती पचवायचं काम करत नाहीत. मातीत एक मिलिमीटरभर लांबीचा एक कृमी असतो. त्याच्यात नर असतात आणि अंडी व शुक्राणू दोन्ही करणारे उभयलिंगी जीव असतात. हॉजकिन आणि ब्रेनर यांनी १९७७ मध्ये त्याची काही जनुकं वर्णन केली, जी बिघडली तर उभयलिंगी व्हायचा जीव नरासारखा होतो. त्यातलं ‘ट्रा-३’ हे जनुक म्हणजे एका कात्रीचाच नमुना आहे, हे १९९६ साली कळलं. दुसऱ्या एका प्रथिनाचा नेमका तुकडा ती कापते आणि त्याने जीवाचा कल मादीपणाकडे जायला मदत होते. मला सगळ्यात आवडलेली गोष्ट पुढेच आहे. पिलाची स्वतःची दोन्ही जनुकं बिघडलेली असली, पण आईकडे एक चांगलं असलं, तर तिने अंड्यात ठेवलेल्या शिदोरीवर पिलू सुरळीत वाढतं. उणीव दिसते ती त्याच्या पुढच्या पिढीत.

म्हणजे लिंग कुठे गुणसूत्र ठरवतं, कुठे वाळू, आणि तो निरोप पुढे पोचवायला कुठे एखादी कात्री लागते. यात कुणाचं पुण्य नाही की पाप नाही.

हे ज्ञान वाढत असतानाच आपण त्याचं काय केलं? गर्भजल तपासणी आली, सोनोग्राफी आली, आणि पोटातल्या मुली नाहीशा होऊ लागल्या. त्याविरुद्ध देशात पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला, केंद्राचा १९९४ मध्ये आला. तरी राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे २००१ साली ९१३ मुली होत्या, त्या २०११ साली ८९४ झाल्या. कासवाचं एक घरटं वाचवायला रात्रभर जागणारी माणसं ज्या किनाऱ्यावर आहेत, तोही याच महाराष्ट्रात आहे.

असो. घरात नवी सून आली असेल, तर नेटीबाईंची गोष्ट आधी सासूबाईंना सांगा. आणि मुलालाही.