ग्राफिक्स कार्डचं ओव्हरक्लॉकिंग : वेग खरंच वाढला का, हे कसं तपासायचं?

जुन्या ग्राफिक्स कार्डवर नवा गेम अडखळायला लागला की दोन पर्याय उरतात. नवं कार्ड घ्यायचं, नाहीतर आहे त्याच कार्डचा वेग वाढवायचा. दुसऱ्या पर्यायाला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. त्याला पैसे लागत नाहीत, पण फायदा झाला की नाही हे मोजल्याशिवाय कळत नाही.

ओव्हरक्लॉकिंग म्हणजे काय?

कार्डवरची मुख्य चिप, म्हणजे जीपीयू, ज्या गतीने काम करते तिला क्लॉक स्पीड म्हणतात. ती मेगाहर्ट्झमध्ये मोजतात. कंपनीने ठरवलेल्या मर्यादेपेक्षा ती वाढवणं म्हणजे ओव्हरक्लॉकिंग. २०१६ मध्ये आलेलं एनव्हिडियाचं जीटीएक्स १०६० (६ जीबी) हे कार्ड घ्या. त्याचा बेस क्लॉक १५०६, तर बूस्ट क्लॉक १७०८ मेगाहर्ट्झ आहे. कार्ड गार असेल आणि वीज पुरेशी मिळत असेल तर ते स्वतःच वेग वाढवतं, तापलं की कमी करतं. गेम खेळताना फोन तापून मंदावतो, तोच प्रकार.

फायदा किती होतो?

या कार्डला १०० मेगाहर्ट्झ जास्त दिले तर १७०८ चे १८०८ होतात, म्हणजे वाढ साधारण ६ टक्के. ६० एफपीएसवर चालणारा गेम जास्तीत जास्त ६३-६४ पर्यंत जाईल, तेही सगळा भार कार्डवर असेल तरच. प्रोसेसर कमी पडत असेल तर जवळपास काहीच फरक पडणार नाही.

उलट बाजूही बघा. चिपचा वीजवापर क्लॉकच्या प्रमाणात वाढतो, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. दोन्ही ५ टक्क्यांनी वाढवले तर वीज सुमारे १६ टक्के जास्त लागते आणि तेवढीच उष्णता बाहेर पडते. म्हणून नवख्यांनी व्होल्टेजच्या स्लायडरला हात लावू नये.

कसं करायचं?

१. एमएसआय आफ्टरबर्नर हे मोफत सॉफ्टवेअर घ्या. ते इतर कंपन्यांच्या कार्डांवरही चालतं.
२. आधी काहीही न बदलता बेंचमार्क चालवा आणि स्कोअर, तापमान लिहून ठेवा.
३. कोअर क्लॉक २०-२५ मेगाहर्ट्झने वाढवा आणि पुन्हा चाचणी घ्या.
४. स्क्रीनवर रंगीत ठिपके दिसले, गेम बंद पडला किंवा ड्रायव्हर रीस्टार्ट झाला तर एक-दोन पायऱ्या मागे या.
५. कोअर स्थिर झाल्यावरच मेमरी क्लॉककडे वळा. एका वेळी एकच गोष्ट बदला.

कॉम्प्युटर सुरू होताच ओव्हरक्लॉक लागू होण्याचा पर्याय सुरुवातीला बंदच ठेवा. मग कॉम्प्युटर हँग झाला तरी रीस्टार्ट केल्यावर कार्ड मूळ वेगावर येतं.

तुलना कशी करायची?

थ्रीडीमार्कची टाइम स्पाय चाचणी किंवा युनिजिन सुपरपोझिशन वापरता येईल. प्रत्येक सेटिंगवर चाचणी तीनदा चालवा आणि सरासरी काढा. समजा, मूळ वेगावर ४१८०, ४१९५ आणि ४२१० असे स्कोअर आले. सरासरी ४१९५, पण आकडे आपोआपच ३० गुणांनी खालीवर होतायत. ओव्हरक्लॉक केल्यावर ४२१५ आले तर त्याला वाढ म्हणता येणार नाही. ४४०० आले, तर फरक खरा आहे.

ड्रायव्हर, रिझोल्यूशन, ग्राफिक्स सेटिंग आणि खोलीचं तापमान सारखंच ठेवा. जानेवारीतल्या रात्रीचे आणि मे महिन्यातल्या दुपारचे आकडे शेजारी मांडू नका. गेममध्ये सरासरी एफपीएससोबत '१ टक्का लो' हा आकडाही बघा. गेम सर्वात संथ झाला त्या क्षणांचा वेग त्यात दिसतो. सरासरी वाढली पण हा आकडा घसरला, तर खेळताना झटके जास्तच जाणवतील.

शेवटी थ्रीडीमार्कची स्ट्रेस टेस्ट घ्या. ती एकच दृश्य २० वेळा चालवते आणि फ्रेम रेट किमान ९७ टक्के स्थिर राहिला तरच पास करते. एका फेरीत चमकणारं कार्ड इथे तापून मागे पडू शकतं.

कधी करू नये?

लॅपटॉपमध्ये उष्णता बाहेर पडायला जागा कमी असते, तिथे हा नाद नको. पॉवर सप्लाय साधा असेल, पंख्यांवर धूळ साचली असेल तरीही थांबा. वॉरंटीच्या अटी आधी वाचा.

थोडक्यात, गेम ५७ एफपीएसवर अडकला असेल तर ओव्हरक्लॉकिंगने ६० गाठता येतील. २५ वर रखडत असेल तर त्यावर हा उपाय नाही. तिथे ग्राफिक्स सेटिंग कमी करा, किंवा नव्या कार्डासाठी पैसे साठवा.