मळवलीचा दगड आणि चिंचवडचा रेडियमवाला

चित्राची जागा भिंतीवर, असा आमच्या पिढीचा समज. हल्ली ते माणसाच्या पोटावर आणि मोटारसायकलच्या टाकीवर असतं. आमच्या चिंचवडात तर ते कुंचल्याशिवाय निघतं. भाचा मोबाइलमधल्या त्या एआयला फर्मावतो, ‘ढोल वाजवणारा गणपती काढ,’ की मिनिटभरात बाप्पा हजर!

यात कलियुग दिसणाऱ्यांनी लोकल पकडून मळवलीला जावं. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला आणि १८९९ मध्ये तो मळवलीला हलवला. चित्र एकाचं, पण छपाईला प्रत्येक रंगाचा दगड वेगळा, आणि त्या दगडांवर राबणारे कारागीर अनेक. तिथल्या लक्ष्मी-सरस्वती देवघरांत गेल्या, कॅलेंडरांवर गेल्या. हौशी बायकांनी त्यांच्या छापील शालूंवर खरी जर अन् टिकल्या शिवल्या. म्हणजे चित्राला कपडे घालणं जुनंच. कपड्यांना चित्र घालणं तेवढं नवं!

भाच्याचा गणपती घेऊन आम्ही रेडियमवाल्याकडे गेलो. गडी दिवसा चाकणला, मोटारी रंगवणाऱ्या रोबोंवर देखरेख करतो; संध्याकाळी हे दुकान.

“काका, चित्र आडवं-उभं १०२४ ठिपक्यांचं. छपाईला इंचाला ३०० लागतात. साडेतीन इंचांपुढे ताणलं की बाप्पा धुक्यात! आणि टिपरीवाल्या हाताला बोटं सहा आहेत.”

खाली ‘मोरया’ लिहिलेलं होतं म्हणे. ती लिपी मोडी नव्हती, तमिळही नव्हती.

त्याने सहावं बोट खोडलं, कडा नव्याने आखल्या, अक्षरं स्वतः घातली. टाकीसाठी स्टिकर कापून नको ती फिल्म चिमट्याने सोलली. काळ्या टी-शर्टासाठी रंगांखाली पांढऱ्या शाईचं अस्तर दिलं. यंत्राच्या एका मिनिटाचं निस्तरायला माणसाचा तास गेला.

मळवलीच्या चित्राखाली रविवर्म्यांचं नाव असे. दगडावर राबणाऱ्यांचं नसे. १९७२ मध्ये तो छापखानाही आगीत गेला. आता तर ज्यांची चित्रं चाळून यंत्र शिकलं, ते चित्रकारही त्याच बिननावाच्या रांगेत जाऊन बसले. चित्राखालची जागा चक्क रिकामी! मला काही राहवेना. म्हटलं, “तासभर खपलात, तुमचं नाव तरी घाला.”

“नाव कशाला, काका?” तो म्हणाला, “मोबाइल नंबर टाकतो.”