पंतोजी ते समुपदेशक: शाळेतल्या मुलाच्या मनाची दखल

महाराष्ट्रातल्या शाळेचे लक्ष मुलाच्या अक्षरावर, पाढ्यांवर आणि हजेरीवर पहिल्यापासून होते. त्याच्या मनाकडे ते वळायला फार वेळ लागला. वळले तेही बहुधा वर्गाबाहेर, वसतिगृहात आणि बालवाडीत.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पंतोजीची शाळा देवळाच्या ओवरीत किंवा एखाद्याच्या पडवीत भरे. धुळपाटीवर अक्षरे गिरवायची, पावकी-निमकी घोकायची, चुकले की छडी खायची किंवा अंगठे धरून ओणवे राहायचे. शाळा चुकवणाऱ्याला थोरली मुले हातपाय धरून उचलून आणत. मूल शाळेला का भिते, असे कोणी विचारत नसे; भिते म्हणूनच ते शिकते, याबद्दल पालकांनाही शंका नव्हती. इंग्रजी अमलात इमारत, घंटा आणि तपासनीस आले. मुंबई इलाख्यात 1860 च्या दशकापासून खासगी शाळांचे सरकारी अनुदान परीक्षेच्या निकालावर ठरू लागले. किती मुले पास झाली यावर शाळेचे पैसे अवलंबून असल्यावर रडवेल्या मुलाजवळ बसायला मास्तरांना सवड कुठून मिळणार? भारत सरकारच्या 1904 च्या शैक्षणिक ठरावानंतर ही पद्धत मागे पडली. निकालाची धास्ती मात्र गेली नाही.

या काळातले ठळक अपवाद जातीच्या अपमानाशी जोडलेले आहेत. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या विद्यार्थिनीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध 1855 मध्ये ‘ज्ञानोदय’त छापून आला. शाळेने मुलीला तिच्याच समाजाचे दुःख लिहू दिले आणि ते चारचौघांपुढे येऊ दिले, हे त्या काळी अपूर्व होते. साताऱ्याच्या शाळेत लहानग्या भीमरावाला, म्हणजे पुढच्या बाबासाहेब आंबेडकरांना, घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागे आणि पाण्याच्या भांड्याला हात लावता येत नसे. त्याच शाळेतले आंबेडकर आडनावाचे ब्राह्मण शिक्षक मधल्या सुट्टीत आपल्या शिदोरीतली भाजी-भाकरी त्याला देत. बाबासाहेबांनी पुढे या शिक्षकांची आठवण कृतज्ञतेने सांगितली. शाळेचा नियम मात्र तसाच राहिला. एका माणसाची माया तो मोडायला पुरेशी नव्हती.

अमळनेरचे उदाहरण अधिक तपशिलाने पाहण्याजोगे आहे. साने गुरुजी 1924 मध्ये तिथल्या प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले आणि पुढे छात्रालयाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. वर्गात शिक्षकाला मूल तासाभरापुरते दिसते. छात्रालयात ते रात्री घरच्या आठवणीने जागे असलेलेही दिसते. मुले शाळेत गेली की गुरुजी त्यांच्या खोल्या झाडत, अंथरुणे नीट करत, कपडे धुऊन ठेवत आणि आजारी मुलाच्या उशाशी बसत. मुलांसाठी ते हस्तलिखित ‘छात्रालय दैनिक’ काढत. उपदेश त्यांनीही पुष्कळ केला, पण आधी सेवा आणि मग शब्द असा त्यांचा क्रम होता. 1930 मध्ये नोकरी सोडून ते सत्याग्रहात उतरले. घरापासून दूर राहणाऱ्या मुलांचे मन त्यांनी जवळून पाहिले होते. 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या ‘श्यामची आई’मागे हा अनुभवही असणार.

या ममतेला पद्धतीचे रूप बालशिक्षणाने दिले. वकिली सोडलेल्या गिजुभाई बधेका यांनी भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत 1920 मध्ये बालमंदिर काढले आणि तिथे शिक्षा व बक्षीस या दोहोंना फाटा दिला. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी 1945 मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले. अनुताई वाघ तिथेच त्यांना येऊन मिळाल्या आणि 1957 मध्ये काम कोसबाडला गेले. वारली मुले शाळेत येत नाहीत, म्हणून त्यांना आळशी ठरवणे सोपे होते. या दोघींनी शाळाच त्यांच्याकडे नेली: पाड्यावरच्या अंगणात अंगणवाडी, गुरे राखणाऱ्यांसाठी कुरणशाळा. मूल शाळेला बुजते, तेव्हा बदलायचे शाळेने, हा विचार इथे प्रत्यक्षात उतरला. तरी तो बालवाडीपुरताच राहिला; पहिलीपासून पुन्हा छडी होतीच.

30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपाने मुलांच्या मानसिक धक्क्याचा प्रश्न उघड्यावर आणला. भारतीय जैन संघटनेने सुमारे 1,200 भूकंपग्रस्त मुलांना शिक्षणासाठी पुण्याला आणले. कायद्याने मात्र आणखी वेळ घेतला. 1 एप्रिल 2010 पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या 17 व्या कलमाने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही बंदी केली. जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 100 किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी प्रशिक्षित समुपदेशक नेमावा, त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी जोडून घ्यावे, असे निर्देश दिले. वाड्या-वस्त्यांवरच्या कमी पटाच्या, एक-दोन शिक्षकी जिल्हा परिषद शाळा या दुसऱ्या गटात मोडतात; तिथे मुलाचा उतरलेला चेहरा सर्वांत आधी दिसतो तो गुरुजींना किंवा बाईंनाच.