पंख मागे का वाकले?

शनिवारी सुप्याला ताईकडे गेलो होतो. भाच्याने 'टायगर मॉथ'चं चित्र दाखवलं. "मामा, पंख मागे का वाकलेत? वेगासाठी?" मी ठोकून दिलं, "हो." रात्री वाचलं, तर साफ चूक!

१९३१ मधलं हे दुपंखी विमान, ब्रिटिश हवाई दलातल्या शिकाऊ वैमानिकांसाठी. चेला मागे, गुरुजी पुढे. आधीच्या 'मॉथ'मध्ये गुरुजी वरच्या पंखाखाली, खांबांच्या मधोमध अडकलेले. पॅराशूट बांधून उडी मारणार कशी? म्हणून डी हॅविलंड कंपनीने वरचा पंख पुढे सरकवला. त्याने तोल बिघडला, म्हणून पंख मागे वळवले. मग खालच्या पंखांची टोकं जमिनीच्या फार जवळ आली, म्हणून ती वर उचलली. एक बग काढला की दुसरा... आपलंच ऑफिस की हो!

आपल्या हवाई दलातली कित्येक पोरंही यावरच शिकली. पुढे कोल्हापूर जिल्ह्यात जन्मलेल्या विष्णू माधव घाटगे यांनी एचटी-२ हे विमान आखलं. ऑगस्ट १९५१ मध्ये ते उडालं आणि नंतर त्याने टायगर मॉथची जागा घेतली. त्याला पंखांची एकच जोडी, तीही खाली. डोक्यावर अडथळाच नाही!

रविवारी भाच्यापाशी चूक कबूल केली. तो म्हणाला, "म्हणजे सगळं गुरुजींसाठी?"