पंचांचा कौल आणि पराभूताचे येजितखत

‘पाचामुखी परमेश्वर’ ही म्हण ज्या समाजाने घडविली, त्याच समाजाने क्रिकेटच्या मैदानावरील पांढऱ्या कोटातील गृहस्थाला ‘पंच’ हे नाव द्यावे, यात नवल नाही. वास्तविक मैदानावर उभे असतात दोघेच, आणि एका निर्णयापुरता तर त्यांतला एकच बोट वर करतो. तरीही पाचांचा अधिकार आपण त्या एकट्याच्या हाती दिला. परमेश्वराच्या नावाने दिलेला हा कौल चुकला तर काय करावयाचे, हा प्रश्न मात्र त्या नावाबरोबरच आपल्या पदरी आला. मैदानावर पंच आणि कर्णधार यांच्यात जे वाद झाले, त्यांचा इतिहास म्हणजे या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा इतिहास होय.

आपल्या जुन्या न्यायपद्धतीला हा प्रश्न अपरिचित नव्हता. मराठेशाहीत वतनाचे व सीमेचे तंटे गोतसभेपुढे वा पंचायतीपुढे येत. निवाड्यास बसण्यापूर्वी वादी व प्रतिवादी या दोघांकडून ‘राजीनामा’ लिहून घेतला जाई. आज त्या शब्दाचा अर्थ नोकरी सोडणे असा झाला असला, तरी मुळात तो निवाडा मान्य करण्यास राजी असल्याचा लेख होता. निवाड्यानंतर जिंकणाऱ्यास जयपत्र मिळे आणि हरणाऱ्याकडून ‘येजितखत’, म्हणजे आपण हरलो हे कबूल करणारा कागद घेतला जाई. पेशवाई बुडाल्यावर एल्फिन्स्टनने १८१९ साली जो अहवाल लिहिला, त्यात या पंचायतींची सविस्तर दखल आहे. त्या काळच्या शहाण्या माणसांनी जाणले होते की निवाडा पुरा होतो तो पंचांच्या तोंडून शब्द बाहेर पडला म्हणून नव्हे. हरलेल्याने तो स्वीकारला म्हणजे पुरा होतो.

क्रिकेटच्या कायद्यांतही हे तत्त्व वेगळ्या रूपाने आढळते. क्षेत्ररक्षकांनी अपील केल्यावाचून पंच फलंदाजास बाद देत नाही. अपील मागे घेण्याचा अधिकार कर्णधारास आहे, परंतु त्यास पंचांची संमती लागते. दिलेला निर्णय तत्परतेने बदलण्याची मुभा पंचासही आहे. म्हणजे चुकीला वाट ठेवलेली आहे. मात्र ती वाट अरुंद आहे आणि तिच्यावरून आरडाओरड करीत जाता येत नाही.

या वाटेचा सर्वांत सुंदर उपयोग मुंबईने पाहिला, तोही एका सुवर्णमहोत्सवात. भारतीय क्रिकेट नियामक मंडळाच्या पन्नाशीनिमित्त फेब्रुवारी १९८० मध्ये वानखेडे मैदानावर इंग्लंडविरुद्ध कसोटी सामना झाला. इंग्लंडचे पाच गडी ५८ धावांत परतले होते. अशा वेळी कपिल देवच्या चेंडूवर यष्टीरक्षक बॉब टेलर यास पंच हनुमंतराव यांनी झेलबाद दिले. टेलरच्या चेहऱ्यावर आश्चर्य उमटले, पण तो वाद घालीत बसला नाही. स्लिपमध्ये उभे असलेले आपले कर्णधार गुंडाप्पा विश्वनाथ यांची खात्री होती की चेंडू बॅटला लागलेला नाही. त्यांनी पंचांना विनंती केली आणि टेलरला परत बोलाविले. पुढे टेलर आणि बोथम यांनी १७१ धावांची भागी केली आणि भारत तो सामना दहा गडी राखून हरला. पराभवाची किंमत मोजून केलेली ती दुरुस्ती आज चाळीस वर्षांनंतरही लोक आदराने सांगतात. सामन्यातील धावसंख्या मात्र फारच थोड्यांच्या स्मरणात आहे.

एका वर्षानंतर, फेब्रुवारी १९८१ मध्ये, मेलबर्नला याच्या नेमके उलट घडले. सुनील गावसकर ७० धावांवर असताना लिलीच्या चेंडूवर पंच रेक्स व्हाइटहेड यांनी त्यांना पायचीत दिले. चेंडू आधी बॅटला लागला, असे गावसकरांचे म्हणणे होते. लिलीच्या उद्गारांनी संताप वाढला आणि त्यांनी जोडीदार चेतन चौहान यांनाही आपल्याबरोबर मैदानाबाहेर चलण्यास सांगितले. दोघे सीमारेषेपाशी पोहोचले तेव्हा संघाचे व्यवस्थापक विंग कमांडर शाहिद दुराणी पुढे आले आणि त्यांनी चौहानांना परत पाठविले. चौहानांनी सीमा ओलांडली असती, तर सामना गमावण्याची वेळ येऊ शकली असती. खेळ चालू राहिला, ऑस्ट्रेलियाचा डाव ८३ धावांत कोसळला आणि भारताने सामना ५९ धावांनी जिंकून मालिका बरोबरीत सोडविली. आपल्या त्या कृतीबद्दल गावसकरांनी पुढे जाहीरपणे खेद व्यक्त केला. मराठी माणसाला गावसकर घरच्यासारखे. म्हणूनच त्यांचा खेदही आपण त्यांच्या शतकांइतकाच जपून ठेवावा, असे मला वाटते.

वाद कर्णधारापुरता राहिला नाही म्हणजे काय होते, हेही मुंबईनेच पाहिले आहे. नोव्हेंबर १९६९ मध्ये ब्रेबोर्न मैदानावर ऑस्ट्रेलियाविरुद्ध वेंकटराघवन यास झेलबाद दिले गेले. रेडिओवरील समालोचनात त्या निर्णयाविषयी शंका व्यक्त झाली आणि ट्रान्झिस्टर कानाशी धरून बसलेल्या प्रेक्षकांनी खुर्च्या व बाटल्या फेकण्यास, आगी लावण्यास आरंभ केला. पंचाचे बोट चुकले की नाही हा मुद्दा त्या धुरात कोठल्या कोठे गेला.

पंचाच्या सचोटीविषयीच संशय येऊ लागला, तेव्हा उपाय शोधणे भाग पडले. यजमान देशाचे पंच पक्षपात करतात, ही तक्रार सर्वत्र होती. ती मिटविण्यासाठी पाकिस्तानने नोव्हेंबर १९८६ मध्ये वेस्ट इंडीजविरुद्धच्या लाहोर कसोटीस दोन भारतीय पंच बोलाविले. त्यांतील एक व्ही. के. रामस्वामी आणि दुसरे आपल्या मुंबईचे पिलू रिपोर्टर. सरहद्दीपलीकडील प्रेक्षकांनी भारतीय माणसाच्या कौलावर विश्वास ठेवावा, ही घटना चंडीगढसारख्या ठिकाणी राहणाऱ्या आपल्याला विशेष जाणवावी. याच्या उलट, पुढच्याच वर्षी फैसलाबादला इंग्लंडचा कर्णधार गॅटिंग आणि पंच शकूर राणा बोट रोखून एकमेकांशी भांडले, एक संपूर्ण दिवस खेळ बंद राहिला आणि अखेर गॅटिंगला लेखी माफी मागावी लागली.

त्यानंतर यंत्र आले. नोव्हेंबर १९९२ मध्ये दरबान येथे दूरचित्रवाणीची चित्रे पाहून तिसऱ्या पंचाने ज्या पहिल्या फलंदाजास धावचीत दिले, तो होता सचिन तेंडुलकर. २००८ साली भारत-श्रीलंका मालिकेत पंचांच्या निर्णयाविरुद्ध दाद मागण्याच्या पद्धतीची प्रथम चाचणी झाली. आपल्या मंडळाचा तिच्यावर दीर्घकाळ विश्वास नव्हता. द्विपक्षीय मालिकांत ती भारताने स्वीकारली ती २०१६ मध्ये.

या पद्धतीच्या दोन्ही बाजू आपल्या शेजारच्या मोहालीने अनुभवल्या. ऑक्टोबर २०१० मधील ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या कसोटीत दाद मागण्याची सोय नव्हती. विजय अवघ्या काही धावांवर असताना शेवटचा फलंदाज प्रग्यान ओझा याच्याविरुद्धचे पायचीतचे अपील पंच बिली बाउडन यांनी फेटाळले आणि भारत एका गड्याने जिंकला. तो कौल आपल्या बाजूने पडला, म्हणून आपण त्याची फारशी चर्चा केली नाही. ३० मार्च २०११ रोजी त्याच मैदानावर विश्वचषकाचा उपांत्य सामना पाकिस्तानशी झाला. सचिन २३ धावांवर असताना सईद अजमलच्या चेंडूवर पंच इयन गूल्ड यांनी त्यास पायचीत दिले. सचिनने दाद मागितली. चेंडू यष्टीला चुकवून जात असल्याचे यंत्राने दाखविले आणि गूल्ड यांनी आपला निर्णय फिरविला. सचिनने ८५ धावा केल्या. मैदानावर हुज्जत नाही, पाय आपटणे नाही. दोन्ही देशांचे पंतप्रधान सामना पाहत होते आणि गूल्ड यांच्या मानास यत्किंचितही धक्का लागला नाही.

सरकारी कचेरीत आयुष्य घालविलेल्या माझ्यासारख्याला यातील एक बारकावा फार ओळखीचा वाटतो. पायचीतच्या अपिलात अर्ध्याहून कमी चेंडू यष्टीला लागेल असे यंत्र दाखवीत असेल, तर मैदानावरील पंचाचा मूळ निर्णय, मग तो बादचा असो वा नाबादचा, कायम राहतो. कचेरीतही अपिलास मुदत असते, येथे ती १५ सेकंदांची आहे. आणि मूळ अधिकाऱ्याचा निर्णय उघडपणे चुकीचा दिसल्याखेरीज वरिष्ठाने त्यात ढवळाढवळ करू नये, असा तेथेही संकेत आहे.

आपल्यापैकी अनेकांची मुले अमेरिकेत आहेत व नातवंडे बेसबॉल पाहतात. त्या खेळात संघाचा व्यवस्थापक मैदानावर धावत येऊन पंचाच्या तोंडाशी तोंड भिडवून वाद घालतो, आणि मर्यादा सुटली की पंच त्यास मैदानाबाहेर काढतो, अशी जुनी रीत आहे. २ जून २०१० रोजी डेट्रॉइटच्या आर्मांडो गालारागा याने एकाही प्रतिस्पर्ध्यास तळावर पोहोचू न देता २६ गडी बाद केले. सत्ताविसावा बादच होता, पण पंच जिम जॉइस यांनी तो नाबाद दिला. अत्यंत दुर्मिळ असा विक्रम हुकला. सामन्यानंतर चित्रफीत पाहून जॉइस यांनी आपली चूक साश्रू नयनांनी कबूल केली. दुसऱ्या दिवशीच्या सामन्यात खेळाडूंच्या नावांची यादी त्यांच्या हाती द्यावयास स्वतः गालारागा गेला. तेथेही २०१४ पासून चित्रफितीच्या आधारे दाद मागण्याची व्यापक व्यवस्था आली. पण गालारागाने जे दिले ते कोणत्याही व्यवस्थेने मिळणारे नव्हते. आपल्या पूर्वजांच्या भाषेत ते येजितखतच होते, आणि तेही निर्दोष असूनही दिलेले.

घरापासून दूर राहून पन्नास वर्षे एखादे मंडळ चालविणे म्हणजे काय, हे या अंकाच्या वाचकांस सांगावयास नको. एकांकिका स्पर्धेचा निकाल, गणेशोत्सवाचा हिशेब, कार्यकारिणीची निवडणूक, या सर्वांत कोणीतरी पंच होतो आणि कोणीतरी हरतो. शंका असेल तर ती रीतसर, योग्य ठिकाणी आणि वेळेत विचारावी. चूक ध्यानी आली तर पंचाने ती सुधारावी. आणि कौल आपल्याविरुद्ध गेला तरी पुढच्या बैठकीस यावे. हरलेली माणसे अशी परत येत राहिली, म्हणूनच आज सुवर्णमहोत्सवाचा हा दिवस आपल्याला दिसतो आहे.