मणिकाम, नृत्यवेशावरील (उत्तर अमेरिका)

उत्तर अमेरिकेच्या मैदानी प्रदेशातील अमेरिकन इंडियन जमातींत नृत्याच्या वेशासाठी काचेच्या बारीक मण्यांनी हाताने करण्यात येणारे अलंकरण. शिरपट्टी, गळपट्टी, मनगटपट्ट्या, दंडपट्ट्या, कमरपट्टा, वेणीबंध, मोकॅसिन नावाची मऊ पादत्राणे, पंख्याची मूठ आणि स्त्रियांच्या झग्याचा खांद्यांवरील भाग यांवर मुख्यतः हे काम असते. लाकोटा, शायेन, क्रो, ब्लॅकफूट, असिनिबॉइन, कायोवा इ. जमातींत, तसेच महासरोवरांच्या परिसरातील ओजिब्वे लोकांत ही कला विशेष विकसित झाली. यातील मणी यूरोपातून आलेले. परंतु त्यांची मांडणी, टाके व प्रयोजन सर्वस्वी स्थानिक आहे. ज्या काळात शासनाने या लोकांची नृत्ये दडपण्याचा प्रयत्न केला, नेमक्या त्याच काळात हे काम सर्वाधिक समृद्ध झाले, ही त्याच्या इतिहासातील लक्षणीय गोष्ट होय.

काचेचा मणी येण्यापूर्वी शिंपले, हाडे, दगड, तांबे व प्राण्यांचे दात यांचे मणी प्रचारात होते. वस्त्रांवरील खरे अलंकरण मात्र साळिंदराच्या काट्यांचे असे. काटे रंगवून व तोंडात धरून मऊ करीत, चपटे करून कातड्यावर कंडरेच्या धाग्याने पक्के करीत. हे काम स्त्रियांचे असून त्याला धार्मिक प्रतिष्ठा होती. शायेन स्त्रियांचे यासाठी स्वतंत्र मंडळ होते व त्यात प्रवेश विधिपूर्वक मिळे. पुरुषाने आपल्या पराक्रमांची मोजदाद ठेवावी, तशी स्त्री आपण पूर्ण केलेल्या कामांची ठेवी. मणिकामाने काट्यांच्या कामाची रचना, आकृतिबंध व प्रतिष्ठा अशी तिन्ही उचलली.

कोलंबसाने १४९२ मध्ये पहिल्याच भेटीत बेटवासीयांना काचेचे मणी दिल्याची नोंद त्याच्या रोजनिशीत आहे. पुढे व्हेनिसजवळील म्युरानो बेटावरील व नंतर बोहीमियातील मणी फरच्या व्यापाऱ्यांमार्फत खंडाच्या अंतर्भागात पोहोचले. वितळलेल्या काचेची पोकळ नळी ताणून बारीक करावयाची, तिचे तुकडे पाडावयाचे व ते पुन्हा तापवून त्यांच्या कडा गोल करावयाच्या, अशी त्यांची कृती होती. लूइस व क्लार्क यांच्या मोहिमेस (१८०४–०६) पॅसिफिकच्या किनाऱ्यावर निळ्या मण्यांखेरीज दुसरे काही घेण्यास लोक तयार नसल्याचा अनुभव आला. नोव्हेंबर १८०५ मध्ये पाणमांजराच्या कातड्याचे एक वस्त्र मिळविण्यासाठी मोहिमेबरोबरच्या सॅकाजाविया या शोशोनी स्त्रीच्या कमरेचा निळ्या मण्यांचा पट्टा द्यावा लागला. तिला मोबदल्यात निळ्या कापडाचा एक कोट मिळाला. मणी म्हणजे अडाणी लोकांना भुलविणारी क्षुद्र वस्तू हा समज अशा नोंदींवरून टिकत नाही. घेणाऱ्यांची रंगाची व आकाराची निवड अत्यंत चोखंदळ होती. सु. १८०० ते १८४० या काळात ३ ते ४ मिमी. व्यासाचा ‘पोनी’ मणी रूढ होता. १८४० नंतर सु. २ मिमी. वा त्याहून बारीक असा ‘सीड’ मणी सर्वत्र पसरला आणि नाजूक आकृती काढणे शक्य झाले.

टाक्यांचे मुख्य प्रकार चार आहेत. लाकोटा व शायेन पद्धतीत कातड्याच्या जाडीतूनच, मागील बाजूस न उतरता, टाका घेतात; दोऱ्यात साधारणतः सात ते दहा मणी ओवून ती माळ आडवी टाकतात व दुसऱ्या टोकाशी पुन्हा टाका घेतात. अशा समांतर माळा लागून लागून बसल्या की किंचित फुगीर पट्टी तयार होते. या टाक्याला ‘लेझी स्टिच’ म्हणजे आळशी टाका असे नाव पडले आहे. ते अन्यायाचे आहे. पट्टीची रुंदी शेवटपर्यंत एकसारखी राखणे हे मुळीच आळशाचे काम नव्हे. त्यामुळे ‘लेन स्टिच’ हे नाव आता अधिक पसंत केले जाते. ब्लॅकफूट व ओजिब्वे पद्धतीत दोन दोरे वापरतात : एकात मणी ओवून तो आकृतीच्या रेषेवर ठेवतात व दुसऱ्याने दर दोन-तीन मण्यांनंतर तो पक्का करतात. फुलापानांच्या वळणदार रेषा याच टाक्याने साधतात. गोल चकत्या करताना मध्यभागी एक मणी बसवून त्याभोवती वर्तुळे वाढवीत नेतात. तिसरा प्रकार मागावरील पट्ट्यांचा. एका ओळीत जितके मणी, त्यांहून एक अधिक दोरा ताण्यात लागतो. मण्यांची माळ ताण्याखालून बोटाने वर दाबून धरतात आणि सुई ताण्यावरून त्याच मण्यांतून परत नेतात. पंख्याची वा खुळखुळ्याची मूठ मढविण्यासाठी कायोवा व कोमांची कारागीर चौथा प्रकार योजतात. त्यात प्रत्येक नवा मणी आधीच्या फेरीतील दोन मण्यांच्या मध्ये बसतो. सौराष्ट्रातील मोतीभरतात मणी एकमेकांत जाळीसारखे गुंफतात. येथे बहुतेक काम कातड्यावर वा कापडावर शिवलेले असते, हा दोहोंतील मुख्य फरक.

पूर्वी आरीने भोक पाडून कंडरेचा धागा ओवीत. पुढे लांब, बारीक सुई व मेण लावलेला सुती दोरा आला, नंतर नायलॉनचा. काम सुरू करण्यापूर्वी वेडेवाकडे व जाडबारीक मणी वेचून बाजूला काढावे लागतात. एक चौ. सेंमी. भरण्यास सु. ३० मणी लागतात, यावरून खांद्यापासून मनगटापर्यंत मढविलेल्या झग्याच्या श्रमाची व वजनाची कल्पना येईल. शिवाय वेश हलणारा असतो. फार घट्ट ओढलेला दोरा नाचताना तुटतो, सैल ठेवलेली ओळ लोंबते. म्हणून सांध्याच्या जागी पट्ट्यांची दिशा शरीराच्या वळणाप्रमाणे ठेवतात.

रंगांवरून जमात ओळखता येते. लाकोटा कामात पांढऱ्या किंवा निळ्या पार्श्वभूमीवर त्रिकोण व पायऱ्यापायऱ्यांचे आकार असतात, क्रो कामात फिका निळा व जांभळट गुलाबी रंग आढळतो, तर ओजिब्वे कामात फुले-पाने असतात.

अमेरिकेचे गृहमंत्री हेन्री टेलर यांच्या पुढाकाराने १८८३ मध्ये ‘इंडियन गुन्ह्यांची संहिता’ लागू झाली. तीनुसार सूर्यनृत्यासारखे समारंभ गुन्हा ठरले आणि नाचणाऱ्याचा शिधा बंद करणे वा त्याला कैदेत टाकणे या शिक्षा ठरविण्यात आल्या. राखीव प्रदेशांत कोंडलेल्या व बायसनची शिकार संपुष्टात आलेल्या लोकांना शिधा बंद होणे म्हणजे उपासमारच होती. पेनसिल्व्हेनियातील कार्लाइल येथील निवासी शाळेत (स्था. १८७९) व तिच्या धर्तीवरील इतर शाळांत मुलींना शिवण शिकविली जाई, पण ती गणवेशाची, आईजवळ बसून मणी ओवण्याची वर्षे त्यांच्या हातून गेली. असे असूनही याच दशकांत मणिकामाने वेशाचा प्रत्येक कोपरा व्यापला, इतका की काही मोकॅसिनांचे तळवेदेखील मढविलेले आढळतात. घरात चालणाऱ्या या कामाला अधिकारी निरुपद्रवी समजत, प्रसंगी उद्योग म्हणून वाखाणीत. बंदीचा अंमल जेथे जेथे सैल होई, तेथे ते वेश बाहेर येत. ४ जुलैच्या राष्ट्रीय सणाला नृत्यास परवानगी मिळे. म्हणून अनेक ठिकाणी समारंभ त्या दिवसाशी जोडले गेले. लाकोटा मणिकामात या सुमारास अमेरिकेचा ध्वज वारंवार दिसू लागतो. त्यामागे निष्ठा होती, शत्रूकडून घेतलेल्या चिन्हाचा अभिमान होता की केवळ सावधगिरी, हे एका उत्तरात बसत नाही. विसाव्या शतकात, १९२१ मध्ये, नृत्यांविरुद्ध पुन्हा परिपत्रक निघाले. १९३४ मध्ये इंडियन व्यवहार आयुक्त जॉन कॉलियर यांनी हे धोरण रद्द केले. कॅनडातील तशा तरतुदी १९५१ मध्ये गेल्या. समारंभांच्या धार्मिक स्वातंत्र्याला अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने स्पष्ट मान्यता मिळाली.

ओक्लाहोमात १९२० नंतर वेगवान ‘फॅन्सी’ नृत्य पुढे आले व त्याबरोबर एकाच आकृतीचा संपूर्ण मणिसंच करण्याची प्रथा पडली. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस ओजिब्वे लोकांत पत्र्याच्या शंकूंचा, नाद करणारा झगा आला. त्याच्या जोडीला मणिकामाचे कमरपट्टे व पायपट्ट्या असतात. आजच्या पाववाव मेळाव्यांतील स्पर्धांत नर्तनाबरोबर वेशही पाहिला जातो. या वेशाला ‘कॉस्च्यूम’ म्हटलेले बहुतेक नर्तकांना रुचत नाही. तो सोंगासाठी चढविलेला नसून आजीने, मावशीने वा पतीने शिवलेला, मानाने धारण करावयाचा असतो.

फोर्ट पेक राखीव प्रदेशातील जॉइस ग्रोइंग थंडर फोगर्टी, त्यांची कन्या व नात यांचे काम संग्रहालयांत पोहोचले आहे. बाजारात मात्र परदेशी नकला विपुल आहेत. बनावट माल इंडियन म्हणून विकण्यास १९९० च्या कायद्याने कडक शिक्षा आहे. मणी आता मुख्यतः चेकिया व जपान येथून येतात. जुन्या व्हेनिसच्या मण्यांच्या काही फिक्या छटा बाजारातून गेल्याने जुन्या वेशाची दुरुस्ती करणारे कारागीर फाटलेल्या जुन्या पट्ट्यांतील मणी उसवून जपून ठेवतात.