सर्व्हरला पासवर्ड कोण सांगतं? समजून घ्या 'पासवर्ड कॉलबॅक हँडलर'

अकोला जिल्ह्यातल्या पातूरमध्ये रेशन दुकानातल्या ई-पॉस मशीनवर अंगठा ठेवला की आधारची पडताळणी होते. ठशाची माहिती मशीनमध्येच एन्क्रिप्ट होते आणि पुढे आधारच्या सर्व्हरकडे जाणाऱ्या संदेशावर डिजिटल सही असते. अशा सहीसाठी लागणारी प्रायव्हेट की कुलूपबंद ठेवावी लागते. फाइलमध्ये ठेवलेल्या कीचं कुलूप म्हणजे पासवर्ड. पण दर वेळी तो टाइप करायला सर्व्हरजवळ माणूस बसलेला नसतो. मग प्रोग्रामला पासवर्ड देतं कोण?

संदेशावर सही करणाऱ्या प्रत्येक वेब सर्व्हिसपुढे हा प्रश्न असतो. 'डब्ल्यूएस-सिक्युरिटी' हे ओएसिस संस्थेचं 2004चं मानक वापरणाऱ्या जावा प्रोग्राममध्ये त्याचं उत्तर आहे 'पासवर्ड कॉलबॅक हँडलर'.

तो काम कसा करतो?

'अपाचे डब्ल्यूएसएसफोरजे' या लायब्ररीला पासवर्ड लागला की ती हँडलरला विचारते. कुणाचा पासवर्ड हवा आणि कशासाठी, म्हणजे सही, डिक्रिप्शन की युजरनेमची तपासणी, हेही सांगते. हँडलर तो शोधून देतो. सेटिंगमध्ये 'पासवर्डकॉलबॅकक्लास' इथे हँडलरच्या क्लासचं नाव किंवा 'पासवर्डकॉलबॅकरेफ' इथे तयार ऑब्जेक्ट द्यायचा असतो.

डायजेस्टची अडचण काय?

'डायजेस्ट' प्रकारात मूळ पासवर्ड पाठवला जात नाही. एकदाच वापरायचा आकडा, वेळ आणि पासवर्ड यांचा मिळून हॅश जातो. तो जुळवायला सर्व्हरकडे मूळ पासवर्ड लागतो. डेटाबेसमध्ये फक्त पासवर्डचे हॅश असतील, तर डायजेस्ट चालत नाही. अशा वेळी टीएलएसवरून साधा पासवर्ड घेऊन स्वतःचा व्हॅलिडेटर लिहावा लागतो.

सर्वांत मोठी चूक कोणती?

हँडलरच्या कोडमध्येच पासवर्ड लिहिणं. कोड गिटवर जातो, कंत्राटदाराकडे जातो, डेव्हलपरच्या लॅपटॉपवर राहतो. कीची फाइल आणि हा पासवर्ड ज्याच्या हाती लागेल, तो त्या संस्थेच्या नावाने सही करू शकतो. म्हणून हँडलरने पासवर्ड व्हॉल्टमधून किंवा निदान सर्व्हरच्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून घ्यावा. की थेट एचएसएम उपकरणात ठेवणं अधिक सुरक्षित.

दोन्ही फुटले तर?

नुसता पासवर्ड बदलून भागत नाही. चोरलेली फाइल जुन्या पासवर्डनेच उघडते. सर्टिफिकेट रद्द करून नवी की तयार करणं, हाच उपाय.